‘माता’, ‘देवी’ आणि थदडी : कल्याण छावणीतील वृद्धांची आरोग्यकल्पना

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची वसती कल्याणलगतच्या, दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली व उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांनी मागे टाकलेल्या मालमत्तेचे दावे कागदोपत्री नोंदले गेले. सोबत आणलेल्या आरोग्यकल्पना पाहावयाच्या, तर त्या त्यांच्या भाषेत व सणांत शोधाव्या लागतात.

मराठीत ज्या रोगास ‘देवी’ म्हणत, त्यास सिंधीत ‘माता’ म्हणत. दोन्ही भाषांत रोग ‘होत’ नसे. दैवत घरी येई. अर्थात त्याला हुसकून लावण्यापेक्षा शांत करणे हे शुश्रूषेचे सूत्र ठरे. सिंध्यांची थदडी याच सूत्रावर उभी आहे. ‘थधो’ म्हणजे थंड. श्रावण वद्य सप्तमीस चूल पेटत नाही; तिच्यावर पाणी शिंपडून शीतलेची प्रार्थना होते, आणि आदल्या दिवशी केलेला गोड लोलो दह्याबरोबर खाल्ला जातो. महाराष्ट्रात शीतला सप्तमी याच महिन्यात, पण शुद्ध पक्षात येते. निर्वासितांस येथे भाषा परकी होती. रोगाकडे पाहण्याची दृष्टी परकी नव्हती.

अशी श्रद्धा वैद्यकाच्या आड येतेच, असे मानणे घाईचे होईल. मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्थॉल हिला लस टोचण्यात आली. पुढे मराठीने त्या परक्या उपचारासही ‘देवी काढणे’ असेच नाव दिले. जुन्या शब्दाने नवा उपचार घरात घेतला.

भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. रोग गेला, थदडी राहिली. आजार ही एकट्या रोग्याची बाब नसून त्यासाठी साऱ्या घराने आपली चूल थांबवावी, हा तिच्यातील आशय रोगाहून टिकाऊ ठरला.

सिंधमधील थदडी ज्यांनी जाणत्या वयात पाहिली, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या नातवंडांच्या तोंडी बहुधा हिंदी आहे. वृद्ध रुग्ण ‘थंड’ व ‘गरम’ या शब्दांत आपली व्यथा सांगतो, तेव्हा तो अज्ञान प्रकट करीत नसून एक संपूर्ण शुश्रूषाशास्त्र बोलत असतो. ते बोलणारे आहेत तोवरच त्याचा शब्दसंग्रह करणे, हे आपल्या विभागाचे निकडीचे कार्य होय.