विश्लेषण : सिंधुदुर्गासाठी २०२४ हे वर्ष कसे होते? वेंगुर्ल्याच्या मतदाराच्या हाती काय लागले?

दोन निवडणुका, राजकोट किल्ल्यावर कोसळलेला पुतळा, बंद पडलेली मुंबईची विमानसेवा आणि मराठीला मिळालेला अभिजात दर्जा. सिंधुदुर्ग जिल्हा २०२४ मध्ये वर्षभर चर्चेत राहिला. मात्र वेंगुर्ले शहरापुरते पाहिले तर एक विसंगती ठळक दिसते. इथल्या मतदाराने त्या वर्षी खासदार निवडला, आमदारही निवडला. पण त्याच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता.

लोकसभेत काय घडले?

रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झाले. भाजपचे नारायण राणे यांनी शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) विनायक राऊत यांचा ४७,८५८ मतांनी पराभव केला. राऊत २०१४ पासून खासदार होते. २००८च्या पुनर्रचनेनंतर अस्तित्वात आलेल्या या मतदारसंघात कमळ प्रथमच निवडून आले. त्याआधी हा भाग राजापूर मतदारसंघात होता. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅ. नाथ पै १९५७ ते १९७१ या काळात आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते १९९१ पर्यंत राजापूरचे खासदार होते. समाजवाद्यांचा बालेकिल्ला, मग शिवसेनेचा गड आणि आता भाजप, असा हा प्रवास आहे.

विधानसभेनंतर सत्तेचे चित्र कसे बदलले?

२० नोव्हेंबरच्या मतदानात जिल्ह्यातील तिन्ही जागा महायुतीने जिंकल्या. कणकवलीत भाजपचे नितेश राणे पुन्हा विजयी झाले. कुडाळमध्ये निवडणुकीच्या तोंडावर शिंदे यांच्या शिवसेनेत आलेले नीलेश राणे यांनी वैभव नाईक यांना हरवले. याच नाईकांनी २०१४ मध्ये नारायण राणे यांचा कुडाळमध्येच पराभव केला होता. वडील खासदार आणि दोन मुलगे दोन वेगळ्या पक्षांचे आमदार, असे चित्र वर्षअखेरीस तयार झाले.

वेंगुर्ले तालुका सावंतवाडी मतदारसंघात येतो. येथे दीपक केसरकर सलग चौथ्यांदा निवडून आले. मात्र शालेय शिक्षणमंत्री राहिलेल्या केसरकरांना डिसेंबरच्या मंत्रिमंडळ विस्तारात स्थान मिळाले नाही. नितेश राणे यांच्याकडे मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही खाती आली. मासेमारीवर जगणाऱ्या किनाऱ्यासाठी ही खाती महत्त्वाची. पर्ससीन जाळी, एलईडीच्या प्रकाशातील मासेमारी आणि परराज्यांतील ट्रॉलर हे पारंपरिक मच्छीमारांचे जुने प्रश्न आहेत. समुद्रातला धोका वेगळाच. मे महिन्यात वेंगुर्ले बंदराजवळ होडी उलटून खलाशांचा बळी गेला.

राजकोटचा पुतळा का कोसळला?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुमारे ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले होते. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, गोकुळाष्टमीला, तो कोसळला. म्हणजे पुरते नऊ महिनेही तो उभा राहिला नाही. काम नौदलाच्या पुढाकाराने झाले होते आणि निधी राज्य सरकारचा होता. सरकारने वेगवान वाऱ्याचे कारण दिले. मात्र नटबोल्ट गंजल्याचा इशारा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवण कार्यालयाने सहाच दिवस आधी पत्राने दिला होता, हेही समोर आले. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते हे इथे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे लोकांचा राग केवळ भावनेचा नव्हता, कामाच्या दर्जाचाही होता.

शिल्पकार आणि बांधकाम सल्लागार यांना अटक झाली. पंतप्रधानांनी ३० ऑगस्टला पालघरमध्ये जाहीर माफी मागितली. मे २०२५ मध्ये त्याच जागी अधिक उंच पुतळ्याचे अनावरण झाले.

प्रवासाचे काय झाले?

जुलैच्या अतिवृष्टीत गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. जिल्ह्याचा चिपी विमानतळ वेंगुर्ले तालुक्यातच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेली तिथली मुंबईची सेवा ‘उडान’ योजनेची तीन वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. पुण्याची सेवा ऑगस्टअखेर सुरू झाली होती. पण इथला चाकरमानी प्रामुख्याने मुंबईत असतो. शेजारी गोव्याचा मोपा विमानतळ असल्याने चिपीला प्रवासी टिकवणे आणखी कठीण झाले.

भाषा आणि वारसा यांत काय मिळाले?

३ ऑक्टोबरला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दशावतारातून आणि घराघरांतून बोलल्या जाणाऱ्या मालवणीसाठी त्यातून वेगळे काही झाले नाही. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचे नामांकन २०२४-२५ साठी युनेस्कोकडे गेले. त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे जिल्ह्यातील दोन किल्ले होते. जुलै २०२५ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मग नगरसेवक का नव्हते?

वेंगुर्ले नगरपरिषद १८७६ सालची. तिची निवडणूक नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली आणि पाच वर्षांनी मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकल्याने राज्यभर निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. जिल्हा परिषदेतही २०२२ पासून तेच झाले. न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि वेंगुर्ल्यात २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले.

याचा परिणाम रोजच्या व्यवहारात जाणवतो. नळाला पाणी आले नाही, गटार तुंबले, रस्त्यावरचा दिवा गेला, तर माणूस खासदाराकडे जात नाही. तो नगरसेवकाचे दार ठोठावतो. प्रशासक काम करतो, पण त्याला पुन्हा मते मागायला यायचे नसते. २०२४ मध्ये सिंधुदुर्गातून दिल्ली आणि मुंबईच्या सत्तेवर भरपूर बोलले गेले. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेत मात्र लोकांच्या वतीने प्रश्न विचारणारे कोणी निवडून आलेले नव्हते.