सिंगापूर–न्यूयॉर्क हवाई मार्ग
सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांमधील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे १५,३५० किमी. आहे. पृथ्वी गोलाकार असल्यामुळे हे अंतर बृहद्‌वृत्ताच्या कंसावर मोजतात. सिंगापूर एअरलाइन्सने नोव्हेंबर २०२० मध्ये येथे विनाथांबा सेवा सुरू केली. प्रवासास साधारणतः १८ ते १९ तास लागतात. उंचावरील पश्चिमी झोतवाऱ्यांचा लाभ घेण्यासाठी किंवा त्यांचा विरोध टाळण्यासाठी वैमानिक अनेकदा लांबचा मार्ग पत्करतात. त्यामुळे प्रत्यक्ष अंतर व वेळ रोज बदलतात. या मार्गावरील एअरबस ए३५०-९००यूएलआर विमानाची इंधनक्षमता १,६५,००० लिटर असून वजन मर्यादित ठेवण्यासाठी त्यात केवळ १६१ आसने आहेत. दोन्ही शहरांच्या प्रमाणवेळांत हिवाळ्यात १३ आणि उन्हाळ्यात १२ तासांचा फरक असतो.