कापूसधूलिरोग

कापूस, जवस, भांग इ. वनस्पतिज तंतूंची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे आत गेल्याने होणारा श्वासनलिकांचा विकार. ‘बिसिनोसिस’ या नावानेही तो ओळखला जातो. त्याची लक्षणे दम्यासारखी असली, तरी उत्पत्ती अधिहर्षताजन्य (ॲलर्जीजन्य) दम्याहून भिन्न आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी १७०० मध्ये जवस व भांग पिंजणाऱ्यांच्या खोकल्याची व धापेची नोंद केली होती.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) भारतीय कापसाची मागणी वाढली. त्याच दशकात लोहमार्ग आल्याने खानदेशातील काळ्या जमिनीचा कापूस मुंबईस जलद पोहोचू लागला. जळगाव येथे १८७० नंतरच्या दशकात कापड गिरणी निघाली. पुढे अमळनेर व धुळे येथेही गिरण्या निघाल्या. खानदेशात ठिकठिकाणी सरकी काढण्याचे व गासड्या बांधण्याचे कारखाने उभे राहिले. या व्यवसायांत कामगारांचा धुळीशी नित्य संबंध येऊ लागला. गिरणीतील कापूस मोकळा करण्याचे व पिंजण्याचे विभाग सर्वांत धोक्याचे होत.

अधिहर्षताजन्य दम्यात साहाय्यक टी-कोशिकांच्या प्रेरणेने बी-कोशिका इम्युनोग्लोब्युलिन-ई ही प्रतिपिंडे निर्माण करतात. १९६० नंतरच्या दशकात या प्रतिपिंडांचा शोध लागला. ती मास्ट कोशिकांना चिकटतात. परागकणांसारखा परिचित प्रतिजन पुन्हा आला की, त्या कोशिकांतून हिस्टामीन बाहेर पडून श्वासनलिका आकुंचन पावतात. नियामक टी-कोशिका या प्रतिक्रियेला आवर घालतात. त्यांच्यासंबंधीच्या संशोधनास २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कापूसधूलिरोगात अशा पूर्वपरिचयाची आवश्यकता नसते. कापसावरील सूक्ष्मजंतूंची अंतर्विषे फुप्फुसातील महाभक्षी कोशिकांना चेतवितात व त्यामुळे दाह होतो, असे मानले जाते. साप्ताहिक सुटीनंतर कामावर येताच छाती आवळल्यासारखी वाटणे व पुढील दिवसांत हा त्रास उतरणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. धुळीशी संपर्क वर्षानुवर्षे चालू राहिल्यास विकार कायमचा होतो.

कारखाना अधिनियम, १९४८ याच्या अनुसूचीत, तसेच नुकसानभरपाईविषयक १९२३ च्या अधिनियमातही या रोगाचा समावेश करण्यात आला. त्यामुळे निदानास वैद्यकाइतकेच सामाजिक महत्त्व आहे. रोग्याची धाप केवळ ‘दमा’ म्हणून नोंदली गेली, तर ती त्याची व्यक्तिगत प्रकृती ठरते. व्यवसायाशी तिचा संबंध ओळखला गेला, तरच धूळ शोषून घेणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी व भरपाईचा हक्क हे प्रश्न उपस्थित होतात.