लोहचुंबक, होकायंत्र आणि आपले अलिबाग

मुलांना चुंबकत्व समजावून सांगायला घरातली शिवणाची सुई पुरते. लोहचुंबकाचे एकच टोक सुईवरून एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा फिरवावे. दर वेळी ते उचलून पुन्हा सुरुवातीला न्यावे. मग सुई बुचाच्या चकतीवर आडवी ठेवून वाडग्यातल्या पाण्यावर सोडावी. ती उत्तर-दक्षिण स्थिरावते, कारण पृथ्वी स्वतःच एक मोठे चुंबक आहे. झाले होकायंत्र!

शास्त्रीय उपयोग सांगताना अलिबागची ओळख जरूर करून द्यावी. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंदही तिथे झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांमुळे नाजूक नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. ती आजही कार्यरत आहे. अशी वादळे उपग्रह व वीजपुरवठा बिघडवू शकतात, म्हणून या जुन्या नोंदी आजही मोलाच्या आहेत.

पालकांनो, एक काळजी घ्यावी: छोटी, शक्तिशाली चुंबके लहान मुलांपासून दूर ठेवावीत. ती गिळल्यास पोटात एकमेकांना चिकटून आतड्याला इजा करतात. शंका आली तरी मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.