शिक्षणाचा पैसा कुणाचा? हिंगोली परिसराच्या संदर्भात काही विचार

मराठवाड्यातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपले इतिहासकार नेहमी एका ठराविक जागेपासून सुरुवात करतात. १९१५ साली औरंगाबादेत सरस्वती भुवन निघाली, १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, निजामी राजवटीच्या विरोधात लोकांनी लोकवर्गणीतून ज्ञानाचे दिवे लावले, असा तो इतिहास असतो. तो खोटा नाही. त्या शाळांनी स्वातंत्र्याच्या चळवळीला कार्यकर्ते दिले हेही मान्यच केले पाहिजे. पण 'लोकवर्गणी' या शब्दातले 'लोक' कोण, हा प्रश्न या इतिहासात कुणी विचारलेला आढळत नाही. वर्गणी देणारा व्यापारी, वकील, वतनदार हा त्या लोकांत होता. ज्याच्या घरात बलुत्याच्या पेंढीशिवाय दुसरी मिळकतच नव्हती, तो वर्गणी कशातून देणार? आणि ज्याने वर्गणी दिली नाही त्याच्या मुलाचा शाळेवर हक्क कोणता? शाळा कुणाच्या पैशातून उभी राहते यावरून ती कुणाची हे ठरत असेल, तर दलितांची शाळा कोणती, हा प्रश्न टाळता येत नाही.

हा प्रश्न मी हिंगोलीच्या संदर्भात मांडतो आहे, त्याला कारण आहे. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ एवढे त्याचे पाच तालुके. उत्तरेला पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे वऱ्हाड सुरू होतो. नदी तशी उन्हाळ्यात पायी ओलांडावी अशी; पण १९४८ पर्यंत ती दोन राजवटींची सीमा होती. पलीकडे इंग्रजी कायदा, अलीकडे निजामाचा. हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांचे घोडे इथे पोसले गेले. पण इंग्रजी राज्याबरोबर आलेली दलितांच्या शिक्षणाची कुठलीही सोय या छावणीच्या कुंपणाबाहेर आली नाही.

पलीकडच्या मुंबई इलाख्यात काय चालले होते ते पाहा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी महार-मांगांच्या मुलांसाठी पुण्यात शाळा काढल्या त्या १८५० च्या आसपास. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह उघडले. १९२८ नंतर सरकारी मदतीने वसतिगृहांची एक साखळीच उभी राहू लागली. यातले काहीही हिंगोली-कळमनुरीच्या महारवाड्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता, कारण तो महारवाडा दुसऱ्या राज्यात होता. मराठी दलित समाजाचा इतिहास आपण सरसकट एक धरून चालतो तेव्हा हे अंतर विसरतो. मराठवाड्यातला दलित विद्यार्थी मुंबई इलाख्यातल्या आपल्या भावापेक्षा एका पिढीने मागे राहिला, तो बुद्धीने नव्हे, राजवटीने.

त्यात भाषेचा अडसर. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे. पहिल्या इयत्ता मराठीत शिकायच्या आणि वरच्या वर्गात गेल्यावर उर्दूतून, असा सगळा प्रकार. सवर्ण विद्यार्थ्यालाही ते जड जात असे, पण त्याच्या घरी निदान कुणीतरी दफ्तरात उर्दू लिहिणारा होता. महारवाड्यातल्या पोराला घरची बोली सोडून आधी पुस्तकी मराठी आपलीशी करायची, ती हाताशी येते न येते तोच उर्दू. अशा दोन भिंती चढून मॅट्रिकपर्यंत पोहोचणारा हजारात एखादा. पुढे औरंगाबादला १९२३ पासून इंटरमिजिएटपर्यंतची सोय होती. पदवी हवी तर हैदराबाद. १९५१ च्या जनगणनेत सबंध हैदराबाद राज्याची साक्षरता शेकडा दहाच्या आत होती. त्यात दलितांचा वाटा किती असेल याची कल्पना ज्याने त्याने करावी.

याच मुलुखात नरसी हे नामदेवांचे गाव आणि औंढ्याचे नागनाथाचे देऊळ. नामदेवाला कीर्तन करू दिले नाही, तो देवळामागे जाऊन उभा राहिला, तेव्हा देऊळच त्याच्याकडे फिरले, अशी कथा लोक सांगतात. देऊळ फिरले असेल. शाळा मात्र जिथल्या तिथे राहिली.

आता पैशाच्या प्रश्नाकडे येऊ. शिक्षणासाठी पैसा द्यायचा म्हणजे दान करायचे, ही कल्पना आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे काय मांडले याचा पूर्ण अर्थ अजूनही आपल्या ध्यानात आलेला नाही. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि ती उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर रिकामी होते, हा त्यांच्या निवेदनाचा गाभा. लोकल फंडातला निश्चित वाटा प्राथमिक शिक्षणालाच मिळावा, अशी त्यांची मागणी होती. यात याचना कुठेही नाही. हिशेब आहे. पैसा आमचाच आहे, तो आमच्या मुलांवर खर्च करा, एवढेच म्हणणे आहे. दलितांच्या शिक्षणावरचा खर्च म्हणजे उपकार, ही भाषा जोतीरावांनी तेव्हाच मोडीत काढली होती.

या हिशेबाच्या उजेडात हैदराबादचा एक निधी तपासला पाहिजे. मराठवाड्यात भाऊसाहेब मोरे यांनी ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला परिषद भरवली, बाबासाहेब तिथे आले आणि निजामी मुलुखातल्या दलितांना पहिल्यांदा आपला आवाज ऐकू आला. तिकडे हैदराबाद शहरात बी. एस. व्यंकटराव आणि त्यांचे सहकारी बऱ्याच आधीपासून काम करीत होते. व्यंकटराव पुढे निजामाच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले. याच सुमारास निजाम सरकारने दलितांच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी मंजूर केला. त्या काळचे एक कोटी! हेतू काय होता? राजकीय होता, यात शंका नाही. राज्य डळमळत होते आणि दलितांना आपल्या बाजूला ओढायचे होते. बाबासाहेबांना हे पुरते कळत होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी जाहीर पत्रक काढून हैदराबादच्या दलितांना निजामाची बाजू घेऊ नका असे बजावले. मात्र सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली तेव्हा निधी उरला होता, आणि तो निजामाच्या खाजगी खिशातला नव्हता, रयतेच्या करातून जमलेला होता.

बाबासाहेबांनी तो मागितला. पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यांनी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन केली होती आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले होते. आता औरंगाबादला महाविद्यालय काढायचे ठरले आणि त्यासाठी हैदराबादच्या या निधीतून सोसायटीने रक्कम उचलली, ती कर्ज म्हणून. हा शब्द नीट लक्षात घ्यावा. पुष्कळ लोक आजही सांगतात की निजामाने बाबासाहेबांना दान दिले. ते दान नव्हते. कर्ज घेणारा हा देणाऱ्याच्या बरोबरीने बसतो, कागदावर सही करतो, फेडीची हमी देतो; त्याला देणाऱ्याच्या पायाशी बसावे लागत नाही. बाबासाहेबांनी हे स्वतःच्या आयुष्यात शिकलेले होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबियाला गेले तेही करार लिहून देऊन.

जून १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्याला मिलिंद हे नाव मिळाले, परिसराला नागसेनवन. म. भि. चिटणीस प्राचार्य झाले. दरवाजा सर्व जातींना खुला होता. मराठवाड्यातल्या कितीतरी सवर्ण घरांतले पहिले पदवीधर नागसेनवनातून बाहेर पडले, हे आज सांगायला ती घरे थोडी कचरतात, एवढेच.

इथे एक शंका कुणी काढील. जोतीराव प्राथमिक शिक्षण मागतात, बाबासाहेब महाविद्यालय काढतात. हा विरोध नाही काय? मला तसे वाटत नाही. जोतीरावांपुढे प्रश्न होता तिजोरी कुठे रिकामी होते हा. बाबासाहेबांपुढे प्रश्न होता तिजोरीच्या किल्ल्या कुणाच्या हातात आहेत हा. गावच्या शाळेत दलित पोराला दाराबाहेर बसवणारा मास्तर आणि त्याची तक्रार फायलीत दाबणारा कारकून जोवर एकाच समाजातून येतात, तोवर गावोगाव शाळा काढूनही फारसे साधत नाही. आधी मास्तर, वकील, अधिकारी आपल्यातून निघाले पाहिजेत. तेवढ्यासाठी महाविद्यालय.

त्याच १९५० साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. हिंगोलीच्या विद्यार्थ्याला नांदेड जवळ. तरीही हिंगोली, वसमतकडची दलित पोरे पूर्णेला गाडी बदलून परभणीवरून औरंगाबादला जात राहिली. मीटरगेजची गाडी, पत्र्याची पेटी, भाकरीचे गाठोडे. का? कारण नागसेनवनात राहायला जागा होती आणि ताट वाढताना जात विचारली जात नव्हती. शिक्षणाचा खर्च म्हणजे फी, असे ज्यांना वाटते त्यांनी दलित घराचा ताळेबंद कधी पाहिलेला नसतो. फी माफ होते. खोली आणि जेवण माफ होत नाही. आणि सर्वांत मोठा खर्च तर कुठल्याच कागदावर येत नाही: कमावत्या वयाचा मुलगा शाळेत गेला की घरातली एक मजुरी बुडते. सालगड्याचा मुलगा सालगडी राहिला नाही, हे मालकाला सहन होत नाही, तो भाग वेगळाच.

हा खर्च भागवला कुणी? एक भाग शासनाने. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ साली अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. आजच्या भारत सरकार शिष्यवृत्तीचे मूळ तिथे आहे. दुसरा भाग घरातल्या बाईने. शेळी विकून, कोंबडी विकून, हातातली पाटली सोनाराकडे ठेवून. बँकेत मुलाच्या नावाने पैसा साठवायची ऐपत नव्हती. शेळी हीच बँक होती. तिसरा भाग जमिनीने. १९५३ पासून मराठवाड्यात भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, दलितांनी गायरानावर नांगर घातला, आणि त्या दोन-चार एकर बरडातली ज्वारी विकून कित्येक पोरांची वर्षाची सोय झाली. गायरानाचा लढा आणि शिक्षणाचा लढा हे दोन वेगळे लढे आहेत असे समजणाऱ्या आमच्या काही विद्वानांनी हे ध्यानात घ्यावे. आणि चौथा भाग समाजाने. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी प्रत्येक बौद्धाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले. हा हिस्सा नियमाने निघाला असता आणि एका जागी जमला असता तर आज प्रत्येक तालुक्याला आपले एक वसतिगृह असते. तो निघाला नाही. जयंतीची वर्गणी मात्र निघते, आणि तिच्यातून काही वस्त्यांत मुलांना वह्या-पुस्तके वाटतात हे चांगलेच आहे. पण मिरवणुकीतल्या आवाजाच्या भिंतीला किती गेले आणि वह्यांना किती, याचा हिशेब जयंतीनंतरच्या बैठकीत कुणी मागितला तर तो समाजद्रोही ठरतो.

या शिकलेल्या पोरांचा राग गावाला किती होता ते १९७८ साली दिसले. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि परभणी, नांदेड जिल्ह्यांतल्या गावांत दलितांची घरे पेटली. विद्यापीठाशी सुतराम संबंध नसलेले गावगुंड विद्यापीठाच्या नावासाठी रस्त्यावर आले ते का? नाव हे निमित्त. 'सरकारचे जावई' ही शिवी त्या काळात ज्याने ऐकली नाही असा दलित विद्यार्थी मराठवाड्यात सापडणार नाही. शिष्यवृत्तीवर शिकलेला, पँट घातलेला, बलुते नाकारणारा मुलगा गावाच्या डोळ्यांत सलत होता.

नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, सोळा वर्षांनी. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि नांदेड, लातूर, परभणी हे जिल्हे, म्हणजे त्यातच आजचे हिंगोलीही, तिकडे गेले. ज्या गावांनी नामांतरासाठी घरे जळताना पाहिली, त्याच गावांतल्या मुलांच्या पदवीपत्रावर बाबासाहेबांचे नाव येत नाही. याला योगायोग म्हणायचे की तडजोड, हे वाचकांनी ठरवावे. स्वामीजींविषयी आदर ठेवूनही हे सांगितले पाहिजे.

आजची स्थिती काय? २०२० च्या अखेरीस केंद्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत साठ टक्के वाटा उचलण्याचे मान्य केले, उरलेला चाळीस राज्याचा. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी महाराष्ट्रात २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आहे. कागद चांगले आहेत. पण खोलीचे भाडे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते आणि हप्ता मात्र त्याच्या सवडीने येतो. मधल्या काळात सावकार आहेच.

आणि २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने दोन गोष्टी पुढे आणल्या. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची, ही एक. सरकारी शाळा दानशूरांना, कंपन्यांना दत्तक द्यायची, ही दुसरी. दत्तक शाळा योजनेत ठराविक रक्कम देणाऱ्याला आपल्या पसंतीचे नाव ठराविक वर्षांपुरते शाळेला जोडता येईल अशी तरतूद आहे. एका नावासाठी या मुलुखाने सोळा वर्षे काय सोसले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही तरतूद वाचताना काय वाटले असेल! जिल्हा परिषदेची शाळा आमच्याच करातून उभी आहे; तिला बाप आहे, दत्तक द्यायला ती पोरकी नाही. आणि सेनगाव किंवा औंढ्याकडच्या एखाद्या वाडीची, तांड्याची वीस पटाच्या आतली शाळा उद्या चार कोसांवर हलली तर तिथवर चालत कोण जाणार नाही, तेही उघड आहे. मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा आधीच शहरातल्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसलेला आहे. वाडीवरच्या शाळेत उरली आहेत ती ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची, आजीजवळ ठेवलेली पोरे, आणि त्यांतही मुली जास्त.