लिंबू टोचलेली कट्यार, सुपातले तांदूळ आणि 108

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लेखी.

नवापूर, बोईसर, पालघर. आपल्या पट्ट्यात वरात निघाली की नवरदेवाच्या हाताकडे बघा. बऱ्याच समाजांत त्या हातात कट्यार असते, टोकाला लिंबू टोचलेलं. ती लढायला नाही. लोखंडाजवळ बाधा फिरकत नाही, ही जुनी समजूत. बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, तोही त्याचसाठी.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ. इंडोनेशियातल्या जावा बेटावरही नवरदेव कमरेला मागच्या बाजूने खंजीर खोचतो. त्याचं नाव क्रिस. युनेस्कोने 2005 साली त्याला मानवजातीचा वारसा ठरवलं. सुरो या वर्षाच्या पहिल्या महिन्यात घरातले क्रिस लिंबाच्या रसाने धुतात, सोमल लावतात. पात्यावरची नक्षी उठून दिसते. म्हणजे लिंबू तिथेही आहेच! तिथल्या वैदूला म्हणतात दुकून. क्रिस बुडवलेलं पाणी आजाऱ्याला पाजायची रीतही त्या भागात होती.

आपल्याकडचा दुकून म्हणजे वारली पाड्यावरचा भगत. त्याची ताकद पात्यात नाही, सुपातल्या तांदळात. दाणे बघून तो सांगतो, कुठला देव कोपलाय. त्याला रानातला झाडपालाही कळतो. दवाखाना मैलोन् मैल लांब होता, तेव्हा रात्री-अपरात्री धावून येणारा तोच होता. लोकांचा विश्वास उगाच नाही बसला.

पण साप चावला की हाच विश्वास जिवावर बेतू शकतो. नाग किंवा घोणस चावल्यावर मंत्रात गेलेला एकेक तास महागात पडतो. विषावर उतारा एकच, प्रतिसर्पविष इंजेक्शन. म्हणून राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं गुन्हा ठरवलं.

नुसता कायदा पुरत नाही, हे डहाणूत दिसलं. तिथे आयसीएमआरच्या संशोधकांनी भगतांना वाईट ठरवून बाजूला सारलं नाही. त्यांनाच समजावलं, की पेशंट लगेच दवाखान्यात पाठवा. कारण पाड्यावर भगताचं ऐकतात. त्याने ‘जा’ म्हटलं की घरचे निघतात.

तर मंडळी, वरातीत कट्यार मिरवा, लिंबूही टोचा. साप चावला तर मात्र जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात-पाय हलवू नका आणि 108 लावा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!