कीचक कोण, हे कुणी सांगितलं?

‘सूर्य मावळला’ एवढंच एक वाक्य घ्या. गुराख्याच्या कानावर ते पडलं तर त्याचा अर्थ होतो, गुरं घराकडे वळवा. दुकानदार म्हणतो, आवरायला घ्या. आणि चोर म्हणतो, चला, आपली वेळ झाली! शब्द तेच, अर्थ ज्याचा त्याचा. आपल्या साहित्यशास्त्रात असं उदाहरण पूर्वापार चालत आलं आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला आणि शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे जो अर्थ उमटतो, त्याला ‘ध्वनी’ म्हटलं. घंटेचा टोल पडून गेला तरी नाद घुमत राहतो, तसा. हा नाद ज्याला ऐकू येतो, तो ‘सहृदय’.

आता आपण म्हणाल, ही पंडितांची चर्चा झाली. पण याच सूचितार्थाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रज सरकारला चांगलंच पेचात टाकलं होतं, आणि तेही मराठी रंगभूमीवर.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. त्यांचं ‘कीचकवध’ नाटक १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. कथा विराटपर्वातली. पांडव अज्ञातवासात आहेत. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीच्या सेवेत आहे, भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात आहे, युधिष्ठिर कंक होऊन राजसभेत आहे. राणीचा भाऊ, सेनापती कीचक, सैरंध्रीवर हात टाकू पाहतो आणि शेवटी भीमाच्या हातून मरतो. कीर्तनांतून आणि पोथ्यांतून ही कथा आबालवृद्धांना ठाऊक होती.

पण काळ कोणता होता? कर्झनसाहेबांनी १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली होती. देश खवळलेला होता. काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ असे तट पडले होते, आणि १९०७च्या डिसेंबरात सुरतेला ते उघड फुटले. अशा वेळी प्रेक्षकाने कीचक पाहिला आणि त्याला कर्झन दिसला. द्रौपदीत देश दिसला, थांबा म्हणणाऱ्या धर्मराजात मवाळ दिसले, मुठी आवळणाऱ्या भीमात जहाल दिसले. नाटकात कर्झनचं नाव कुठेही नव्हतं.

खाडिलकरांनी प्रसंगही किती नेमका निवडला पाहा. अज्ञातवासात कुणालाच मोकळेपणी बोलता येत नाही. मूळ महाभारतात कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो. भीम संतापून झाडाकडे पाहू लागतो. तेव्हा युधिष्ठिर त्याला स्वयंपाकी समजूनच बोलतो: सरपणासाठी झाडाकडे पाहतोस का? लाकूड हवं असेल तर बाहेर जाऊन तोड. सभेला वाटलं, सरपणाची गोष्ट चालली आहे. भीमाला कळलं, इथे नाही, आत्ता नाही. ज्यांना उघड बोलायची चोरी आहे, त्यांची भाषा अशीच घडते. १९०७ सालचा प्रेक्षकही एका परीने अज्ञातवासातच होता.

सरकारची अडचण इथेच झाली. राजद्रोही नाटकं थांबवण्यासाठी १८७६ मध्ये खास कायदा झाला होता. पण पकडायचं काय? महाभारत? कीचक म्हणजे आमचाच व्हाइसरॉय, असं सरकारने म्हणायचं तर तुलना सरकारनेच मान्य केल्यासारखी! दरम्यान १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर लवकरच, १९१० मध्ये, ‘कीचकवधा’वर बंदी आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी कीचक, द्रौपदी, धर्मराज आणि भीम कोण, हे सगळं उलगडून छापलं. जे लेखकाने लिहिलं नव्हतं, ते विरोधकांनी लिहून ठेवलं. म्हणजे सहृदयांत राज्यकर्तेही होतेच, म्हणायचं!

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. नुसतं रूपक लिहिणं सोपं असतं. भीमाला शहाणा आणि धर्मराजाला भित्रा ठरवलं की काम संपलं. खाडिलकरांनी मात्र आधार घेतला तो महाभारताचा. तिथे धर्मराजाची भीती खरी आहे. ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. त्यामुळे ज्या मवाळांना हे नाटक टोचत होतं, त्यांची बाजूही कथेने आपोआप राखून ठेवली. मोठी कथा उसनी घेतली की तिचा न्यायही सोबत येतो. लेखकाच्या मनातला पक्ष कोणताही असो, वाच्यार्थ सच्चा असेल तरच व्यंग्यार्थाला वजन येतं. पुढे कर्झन इतिहासजमा झाला, फाळणी १९११ मध्ये रद्द झाली, १८७६चा तो कायदाही २०१८ मध्ये पुस्तकातून गेला. तरी भर सभेत अपमान सोसणारी सैरंध्री आणि गप्प बसलेली सभा आजही समजावून सांगावी लागत नाही.

कीचक कोण, हे खाडिलकरांनी कधीच सांगितलं नाही. त्यांनी फक्त कीचक नीट उभा केला. नाव प्रेक्षकाने ठेवलं, आणि प्रेक्षकावर खटला भरण्याचं कलम कोणत्याही सरकारला सापडलेलं नाही.